खुलासा : ‘सी३’ म्हणजे ढिला माल नव्हे

पाठीवरच्या टू-स्ट्रोक फवारणी पंपाच्या क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगबद्दल एक मेसेज फिरतोय : “६२०२ नंबर बघा, बाकी अक्षरांकडे लक्ष देऊ नका. सी३ लिहिलेलं असेल तर परत करा, तो सेकंड माल.” यातलं पहिलं वाक्य मीच पूर्वी टाकलं होतं. ती माझी चूक.

६२०२ हा आकडा फक्त प्रकार आणि माप सांगतो : आतून १५, बाहेरून ३५, रुंदी ११ मिलिमीटर. सी३ म्हणजे गोळ्या आणि रिंग यांच्यात मुद्दाम जास्त ठेवलेली फट. या मापात साध्या बेअरिंगची फट ३ ते १८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), सी३ ची ११ ते २५. बेअरिंग क्रँकवर घट्ट बसलं की आतली रिंग किंचित फुगते, इंजिन तापलं की आणखी. ती जास्तीची फट तिथेच खपते. म्हणून हातात घेतल्यावर सी३ किंचित हलतं, ते बरोबरच आहे.

दुसरं म्हणजे २आरएस. दोन्ही बाजूंना रबरी सील. पेट्रोलमधल्या ऑइलवर जगणाऱ्या क्रँकला हे नको, सील ऑइल आत जाऊच देत नाही. मी एकदा बसवलं होतं. उघडलं तेव्हा ग्रीस जळून काळी खपली झालेली आणि गोळ्या निळसर पडलेल्या.

जुन्या बेअरिंगच्या कडेला कोरलेली सगळी अक्षरं भिंगाने वाचा, पार्ट बुकशी (कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीशी) ताडा आणि तेच मागा. जुना मेसेज पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.