आईची बीपीची गोळी बंद करणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

"शंभरीपर्यंत मेंदू तल्लख ठेवणाऱ्या ६ सवयी" हा मेसेज तुमच्याकडं पण आलाच असेल. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चार जणांनी टाकला, मी वाचून सोडून दिला. मागच्या रविवारी परभणीला गेले तर आई सकाळपासून डोकं धरून बसलेली, गल्लीतल्या नर्सबाईंना बोलावून बीपी बघितला तर १७८/१०४. गोळी घेतलीस का म्हणलं तर गप्प. शेवटी देवघरात कापराच्या डबीखाली पाकीट सापडलं, अकरा दिवसांच्या गोळ्या तशाच. "त्यात लिवलंय ना, बीपी-शुगरच्या गोळ्यांनी मेंदू वाळतो म्हणून. मला आधीच नावं आठवंनात बाई."

म्हणून आधी ह्याच मुद्द्याचं बोलते. मेंदूत केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बीपी वर्षानुवर्षं वाढलेला राहिला की त्या कडक होतात, अरुंद होतात, कुठं बंद पडतात कुठं फुटतात आणि तेवढ्या भागाला रक्तच पोचत नाही, असे बारके झटके कित्येकदा माणसाला कळतही नाहीत पण विसरभोळेपणा वाढत जातो. आईला मी ठिबकचं सांगितलं, मोटरचं प्रेशर जास्त झालं की नळ्या फुटायच्या आणि टोकाचं झाड वाळायचं, तसं. मोसंबीची बाग तिनंच सांभाळलेली, लगेच कळलं. म्हणजे मेंदू वाळतो तो गोळीनं नाही, गोळी न घेतल्यानं! अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या ९ हजारांवर लोकांचा स्प्रिंट माइंड नावाचा अभ्यास झाला, २०१९ ला निकाल आला. ज्यांचा वरचा बीपी औषधांनी १२० च्या खाली आणायचा प्रयत्न केला त्यांच्यात, १४० चं टार्गेट ठेवलेल्यांपेक्षा, स्मरणशक्तीची सुरुवातीची घसरण होण्याचं प्रमाण १९ टक्के कमी दिसलं. आता हे वाचून कुणी मनानं गोळी वाढवू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

एक गोष्ट मान्य करावी लागते, काही झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, गोंधळल्यासारखं होतं. मग सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरला दाखवा ना, बीपीच्या गोळीवर कायला राग काढायचा? आणि गोळीऐवजी म्हणे नाकात तुपाचे थेंब सोडा. नाकातलं तूप मेंदूत जात नाही, बीपी तर त्यानं अजिबात उतरत नाही, उलट रोज सोडत राहिलं आणि फुप्फुसात उतरलं तर न्युमोनिया व्हायची भीती.

दुसरा वाईट मुद्दा, "कानाची मशीन लावली की मेंदू आळशी होतो." हे वाचून आमच्या काकांनी मशीन कपाटात ठेवून दिली. लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकाच्या तज्ज्ञांच्या आयोगानं २०२४ ला डिमेन्शियाची, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाण्याच्या आजाराची, टाळता येणारी १४ कारणं सांगितली, त्यात कमी ऐकू येणं हे सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. बीपी, शुगर, सिगरेट, दारू, बसून राहणं, एकटेपणा, कमी दिसणं हे पण त्याच यादीत. ही सगळी १४ कारणं दूर करता आली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबवता येतो. ऐकू येत नाही म्हणून काका चारचौघांत बसणंच सोडायलेत, ते जास्त घातक आहे.

"चार तास झोप पुरे" हे तर माझ्या भाच्यानं लातूरच्या रूमवर भिंतीला चिकटवलंय. अरे बाळा, दिवसभर ट्यूशनमध्ये ऐकलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. नीटच्या तयारीला रोज तीन वाजता उठून बसलास तर पाठ केलेलं टिकणार कसं?

मेसेजमधली "मेंदूचा फक्त १० टक्के वापर होतो" ही जुनी थाप आहे. वजनाच्या २ टक्के असलेला मेंदू शरीराची २० टक्के ऊर्जा खातो, रिकामा असता तर कशाला खाल्ली असती. त्यात सांगितलेले भिजवलेले बदाम खा, वाईट नाहीत, पण शेंगदाण्यानंही चालतंय. डाव्या हातानं दात घासून मेंदू तल्लख होतो म्हणे, तसं काही होत नाही. नवीन काहीतरी शिका, लोकांत मिसळा हा सहावा मुद्दा मात्र खरा आहे. आईचं भजनी मंडळ त्यात येतं.

आईनं गोळी परत सुरू केली. नावं का आठवंनात ते बघायला बी-१२ आणि थायरॉईडचं रक्त दिलंय, कारण ते कमी असलं तरी असं होतं आणि त्याला इलाज आहे. रिपोर्ट गुरुवारी येतोय. मामा, ग्रुपवर मेसेज पहिल्यांदा तुम्हीच टाकला होता, तुमची गोळी चालू आहे ना? संध्याकाळी फोन करते.