तक्त्यातील आकडा जुळला म्हणून स्पेलचा तोल साधत नाही

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून टेबलाभोवती गोष्ट रंगवायच्या खेळासाठी स्वतः स्पेल, म्हणजे जादूचे मंत्र, रचणाऱ्या मुंबईतील खेळाडूंमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा की, स्पेलची लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, ठरवावी, 'डन्जन मास्टर्स गाइड' या नियमपुस्तकातील तक्त्यातून त्या लेव्हलचे डॅमेज, म्हणजे इजेचा आकडा, उचलावे, आणि बाकीचे सारे सजावट समजावे. आकडा कमी वाटला तर फायरबॉल या प्रसिद्ध स्पेलचा दाखला द्यावा, परिणाम जड वाटला तर कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येणारे, आणि मार बसला की तुटू शकणारे लक्ष) लावावे, आणि तरीही काही बिघडलेच तर डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, मॉन्स्टरचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) वाढवावेत. यातील पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. उरलेले टिकत नाहीत. आमचे टेबल अजून २०१४च्या नियमांवर खेळते, म्हणून पुढील आकडे त्याच नियमांचे आहेत.

एकाच वेळी अनेक शत्रूंना लागू होणाऱ्या तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलसाठी तो तक्ता सहा बाजूंचे ६ फासे सुचवतो, म्हणजे सरासरी २१ डॅमेज. मात्र सेव्ह (समोरच्याने टाकलेला बचावाचा फासा) साधली तरी निम्मे डॅमेज होते, हे त्यात गृहीत आहे, आणि सेव्ह साधल्यावर काहीच होत नसेल तर डॅमेज २५ टक्क्यांनी वाढवण्याची मुभाही तेथेच दिली आहे. म्हणजे हा तक्ता डॅमेजचा भाव सांगतो. त्या डॅमेजसोबत आणखी काय पदरात पडते, त्याचा भाव त्यात नाही.

दादरच्या आमच्या टेबलावर एका खेळाडूने हाच सल्ला प्रमाण मानून 'उधाण' नावाचा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल रचला. २० फूट त्रिज्येत पाणी उसळते, ६ फाशांचे डॅमेज होते, सेव्ह चुकलेला मॉन्स्टर आडवा पडतो, आणि हे सारे बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतील मुख्य ॲक्शनखेरीजच्या छोट्या जादा कृतीत, उरकते. आकडा तक्त्याबरहुकूम होता. पहिल्याच झटापटीत समोर बगबेअर नावाचे ४ मॉन्स्टर होते, त्यांतील ३ आडवे झाले आणि २७ पैकी जेमतेम ६ हिट पॉइंट प्रत्येकाकडे उरले. आडव्या पडलेल्यावर जवळून वार करताना दोन फासे टाकून चांगला घ्यायचा असतो, त्यामुळे आमच्या फायटरची (लढवय्याची) वार लागण्याची शक्यता ६० टक्क्यांवरून ८४वर गेली आणि 'रोग' या लपूनछपून वार करणाऱ्या पात्राला स्नीक अटॅकचे जादा डॅमेज आयते मिळाले. 'उधाण' सोडणाऱ्या विझर्डची, म्हणजे जादूगारिणीची, मुख्य ॲक्शन अद्याप शिल्लकच होती. तिने उभ्या राहिलेल्या चौथ्यावर फायर बोल्ट हा हवा तेव्हा फुकट टाकता येणारा स्पेल सोडला, म्हणजे आणखी सरासरी ११. बगबेअरची पाळी येईपर्यंत तिघे संपले होते. डीएम म्हणून मी त्या तिघांसाठी लिहून ठेवलेले संवाद अजून वहीतच आहेत.

प्रकाशित खेळात अशा गोष्टीची किंमत कशी लावतात, ते टायडल वेव्ह या तिसऱ्याच लेव्हलच्या स्पेलमध्ये दिसते. तोही आडवे पाडतो, परंतु डॅमेज सरासरी १८, जागा फार तर ३० फूट लांब नि १० फूट रुंद, आणि खर्च पूर्ण ॲक्शनचा. आडवे पाडण्याची किंमत तेथे डॅमेज आणि जागा या दोहोंतून वळती केलेली आहे. 'उधाण'ने ती कोठेच भरली नव्हती.

फायरबॉलचा दाखला तर मुळातच चुकीचा आहे. त्याचे ८ फाशांचे डॅमेज सरासरी २८ भरते, म्हणजे तक्त्याच्या २१पेक्षा एक तृतीयांशाने जास्त; तो अपवाद आहे, मोजपट्टी नव्हे. शिवाय त्या २० फूट त्रिज्येत स्वतःचे सोबतीही भाजतात, आणि घरच्या स्पेलमध्ये 'फक्त शत्रूंना' हे दोन शब्द हमखास असतात. आकडा फायरबॉलचा घ्यायचा आणि जोखीम सोडून द्यायची, याला तुलना म्हणत नाहीत.

कॉन्सन्ट्रेशन हे बंधन आहे, पण ते वाटते तितके कडक नाही. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असलेल्या विझर्डला २२पेक्षा कमी डॅमेजचा फटका बसला, तर ते तुटण्याची शक्यता ३५ टक्के असते आणि वॉर कास्टर हे फीट (पात्राला घेता येणारे खास कौशल्य) घेतले की सुमारे १२ टक्के उरते. एका स्पेलसाठी दुसरा सोडावा लागतो, ही त्याची खरी किंमत. ज्याच्याकडे सोडण्यासारखा दुसरा नाही, त्याला ती लागतच नाही.

हिट पॉइंट वाढवण्याच्या उपायाचा मला सर्वांत जास्त राग आहे. बगबेअरचे २७चे ५४ केले, तर चौघांना एकदम झोडपणाऱ्या विझर्डचे फारसे बिघडत नाही. एकेकावर तलवार चालवणाऱ्या फायटरचे काम मात्र दुप्पट होते. दंड ज्याने चूक केली नाही त्याला बसतो. हिप्नॉटिक पॅटर्नसारख्या, शत्रूंना नुसते भारून टाकणाऱ्या स्पेलला तर हिट पॉइंटशी कर्तव्यच नसते. डॅमेज नसलेल्या स्पेलला तोल लागत नाही, असे मानणाऱ्यांनी पहिल्या लेव्हलचा गुडबेरी पाहावा: एका स्लॉटमध्ये (स्पेल टाकण्याच्या दिवसातील मोजक्या संधींपैकी एकीत) १० जणांची दिवसभराची शिदोरी, आणि उपासमारीवर बेतलेली मोहीम तेथेच संपली.

या सल्ल्यात खेळातील दिवसाच्या लांबीचा विचारच नाही, आणि मुंबईत नेमका तोच मुद्दा अडतो. त्याच 'गाइड'च्या हिशेबाने एका दिवसात ६ ते ८ मध्यम वा कठीण झटापटी पेलाव्या लागतात, आणि पाचव्या लेव्हलच्या (ही पात्राची लेव्हल, स्पेलची नव्हे) विझर्डला तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलचे स्लॉट दोनच असतात. शॉर्ट रेस्टमध्ये, म्हणजे मधल्या छोट्या विश्रांतीत, फार तर एक परत मिळतो. आमच्याकडे रविवारी कोणी कल्याणहून येतो, कोणी विरारहून. मेगाब्लॉक असला की निम्मे टेबल तासभर उशिरा जमते आणि रात्री आठला सारे घड्याळाकडे पाहू लागतात. तेवढ्यात दोन झटापटी होतात. मग प्रत्येक झटापटीत 'उधाण' येणारच, कारण रविवारसोबत खेळातील दिवसही संपत असे आणि स्लॉट वाचवून ठेवण्यासारखे पुढे काही नसे.

शेवटी 'उधाण'चे २ फासे कमी केले, त्याला पूर्ण ॲक्शन लावली आणि आडवे पाडणे तसेच ठेवले. त्याहून अधिक फरक दुसऱ्या एका बदलाने पडला: रविवार संपला म्हणून आता लाँग रेस्ट (सारे स्लॉट परत देणारी मोठी विश्रांती) मिळत नाही. या वेळी खर्च केलेले स्लॉट पुढच्या रविवारीही रिकामेच असतात, आणि त्या खेळाडूने गेल्या खेपेस पहिली झटापट फायर बोल्टवरच निभावली.