कंत्राटदाराच्या वतीने उशीर

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला द्यायचं पत्र आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी मला वाचायला दिलं. त्यात होतं, 'डिले ऑन बिहाफ ऑफ द कॉन्ट्रॅक्टर'. म्हणजे उशीर आपण केला, तोही त्याचे प्रतिनिधी म्हणून! तिथे 'ऑन द पार्ट ऑफ' हवं होतं. मी म्हटलं, "काका, हे आपल्याच अंगावर येईल." तर म्हणाले, "अगं, सगळे असंच लिहितात."

लिहितात खरं. मला गंमत वाटते ती याची, की मराठीत बोलताना हेच काका कधी चुकणार नाहीत. सत्कार सोसायटीच्या वतीने होतो, चूक मात्र सोसायटीकडून होते. वर्गणी गणपतीसाठी असते, गणपतीच्या वतीने नाही (मागायला येणाऱ्यांचा आव काहीही असो). पण हल्ली इंग्रजीतली गल्लत मराठीत उतरायला लागलीये. 'प्रशासनाच्या वतीने दिरंगाई' असं वाचलं की वाटतं, दिरंगाई करायलाही माणूस नेमला की काय!

सरकारी कागद याबाबतीत काटेकोर. शासन निर्णयाखाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असतं, कारण राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालावा असं राज्यघटनेचं कलम 166 सांगतं. साहेब जागेवर नसले की हाताखालचा माणूस साहेबांच्या हुद्द्याच्या शिक्क्याशेजारी पेनाने 'करिता' लिहून सही ठोकतो. चार अक्षरंही नाहीत, पण सही कुणाची आणि अधिकार कुणाचा ते स्पष्ट.

आणि ज्या 'फ्रॉम माय साइड'ला आपण हसतो ना, त्याबद्दल थोडं. 'बिहाफ'मधला 'हाफ' म्हणजे अर्धा नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बाजू असाही होता. बिहाफ म्हणजे एखाद्याच्या बाजूला उभं राहणं. आपल्या 'तर्फे'तला 'तरफ' अरबी, त्याचाही अर्थ बाजूच. तेव्हा 'पार्टी फ्रॉम माय साइड' म्हणणारा 'माझ्यातर्फे'चंच शब्दशः इंग्रजी करत असतो. कानाला खटकतं, मान्य. पण त्यात कुणाची चूक कुणाच्या गळ्यात पडत नाही.

असो. पत्र दुरुस्त करून पाठवलं. दोन दिवसांनी कंत्राटदाराचं व्हॉट्सॲपवर उत्तर आलं: 'फ्रॉम माय साइड नो डिले. मटेरियल लेट.'

काका म्हणाले, "बघ, काय इंग्रजी आहे!" मला तर ते काकांच्या पत्रापेक्षा सरस वाटलं. गच्ची अजून गळतेच आहे.