वैनी, कागद काढायचा की वरनंच मारायचं?

गणपतीच्या आधी घर रंगवायचं हा आमच्याकडचा रिवाज, आणि गणपतीच्या आधीच बेळगावात पावसाची झड लागलेली असते हाही रिवाजच. गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते काही उगाच नाही. तरी श्रावण लागला की गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या दारात रंगाचे डबे येऊन पडतात. या खेपेला पाळी आमची होती. पण आमचं घोडं अडलं बाहेरच्या खोलीतल्या वॉलपेपरवर.

घर शहापुरातलं, जुनं. जांभ्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. धाकट्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा त्यांना भिंतीची ओल दिसू नये, म्हणून निपाणीच्या थोरल्या जावईबापूंनी हा कागद सुचवला, पसंत केला आणि स्वतः उभं राहून लावून घेतला. त्यावर चित्र आहे लाल विटांचं. म्हणजे अस्सल दगडाच्या भिंतीवर खोट्या विटा! पण जावयाची पसंती, कोण बोलणार? पाहुण्यांना ओल दिसली नाही, लग्न झालं. ओल मात्र सासरी गेली नाही, ती इथंच राहिली. आता त्या विटांवर बुरशीचे काळे ठिपके उठलेत. खिडकीजवळचा सांधा उचकटलाय आणि आमचे चिरंजीव मॅच बघता बघता तो नखानं सोलत बसतात. भारताची विकेट पडली की एक वीट कमी.

तर प्रश्न असा, की कागद काढून रंगवायचं, की कागदावरनंच रंग मारायचा?

पहिले पेंटरमामा आले. भिंतीवर टकटक करून म्हणाले, "वैनी, कागद काढायलाच पायजे की वो. वरनं मारला तर आठ दिसात फुगे येतात बघा. मग मला शिव्या घालशीला." मला पटलं. दुसऱ्या दिवशी दुसरे आले. त्यांनी भिंतीला हातही लावला नाही. "बिडरी, सोडा वैनी! कागद काढायलागलं तर गिलावा बी येतंय संगट. वरनं दोन हात मारून देतो, कळतंयसुद्धा नाही." मला तेही पटलं. दोन जाणकार आणि दोन टोकं, म्हणजे यात काहीतरी खोल शास्त्र असणार, असं मी धरून चालले होते. ते शास्त्र आमच्या ह्यांनी सोडवलं. पहिल्यांशी बोलणं रोजावर झालं होतं, दुसऱ्यांशी उक्त्यावर. मी पहिल्यांना परत फोन लावला आणि सहज विचारलं, "मामा, उक्तं दिलं तर?" पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "तसा कागद घट्ट हाय की वो."

सासूबाईंचं मत रोज-उक्त्याच्या पलीकडचं. "जावईबापूंनी लावलेला कागद. त्यांना काय वाटंल?" समोरच्या काकूंनी त्यावर मोठं कॅलेंडर लावायला सांगितलं.

शेवटी दुसऱ्या पेंटरमामांनीच कपाटामागं हातभर जागेत नमुना मारून दाखवला. सकाळी कपाट सरकवून बघितलं तर मधोमध पुरीसारखा टम्म फुगा. शिवाय कागदाचे सांधे रंगातून सरळ वर आलेले. रोलची रुंदी एकवीस इंच, म्हणजे दर एकवीस इंचावर एक उभी रेघ. रंगवलेली भिंत आणि आखीव वही यात फरक राहिना. "हवा खराब हाय," मामा म्हणाले.

हवा खराबच होती, पण खरं कारण खळीत होतं. वॉलपेपरची खळ पाण्यात भिजणारी. आपले इमल्शन रंगही पाण्यातलेच. रंगाचं पाणी कागदातून खळीला लागलं की ती ढिली पडते आणि कागद भिंत सोडतो. त्यावर तोड आहे. आधी ऑइल प्राइमरचा हात द्यायचा, तो पाणी आत जाऊ देत नाही. सांधे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून घासून घ्यायचे आणि मग रंग. कागद सगळीकडे घट्ट आणि भिंत खडखडीत कोरडी असेल तर हे छान चालतं. श्रावणातल्या बेळगावात खडखडीत कोरडं काय असतं ते मला कुणी दाखवावं. आणि ओल्या भिंतीवर असं वरून लिंपलं, की ओल आतल्या आत कोंडते आणि बुरशीची आणखी सोय होते. तेव्हा काढायचाच ठरलं. रोजावर.

पहिले मामा म्हणाले, कागद भिजवून ठेवायला लागतोय. आम्हा सीमाभागातल्या लोकांना भिजत ठेवण्याचं काय कौतुक? 1956 पासून एक घोंगडं भिजत पडलंय आणि 2004 पासून ते सर्वोच्च न्यायालयात भिजतंय. कागदाला पाव तास पुरतो म्हणे. पण हा कागद प्लास्टिकच्या वर्खाचा, पाणी पीतच नव्हता. वरून नुसतं ओघळून माझ्या रांगोळीच्या डब्यात. मग करवतीच्या जुन्या पात्यानं ओरखडे काढले, कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण कालवला आणि स्पंजनं थापलं. बोर्डाजवळ पाणी मारायचं म्हणून मेन स्विच बंद केला, तोही नेमका सासूबाईंच्या मालिकेच्या वेळी. त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

वरचा वर्ख मात्र झकास निघाला. टोक धरून ओढलं की फर्रकन वीतभर. खाली राहिला पिवळट पातळ कागद. तो भिजून लगदा झाला आणि पत्रीला, हाताला, पायाला, मांजराला चिकटला. मामांची पत्री एकच, म्हणून मी स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथनं घेतलं. खरवडायला ते पत्रीपेक्षा सरस आहे, कान गोल असल्यानं गिलाव्यात रुतत नाही. पण डोशाला साबणाचा वास आला आणि बोलणी मला बसली. कागद निघाल्यावरही काम संपत नाही. भिंतीवर खळीचा चिकटा राहतो, तो धुऊन काढला नाही तर वरचा रंग तडकतो. आमच्याकडे तर धुताना चुन्याचे पोपडेही यायला लागले. दुसरे मामा अगदीच खोटं बोलत नव्हते तर!

आणि त्या चुन्यावर, कागदाखाली, पेन्सिलीनं लिहिलेलं निघालं. दुधाच्या खाड्याच्या रेघा, कुठल्यातरी दुकानाचा नंबर आणि सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरात, "थोरलीकडे वरवंटा. परत यायचाय."

सासूबाई चष्मा लावून आल्या. दोनदा वाचलं. जावईबापूंना काय वाटेल हा विषय त्या क्षणी संपला. मामा म्हणाले, "आक्का, हे पुसून टाकू का?" तर त्यांच्यावर असा डोळा वटारला, की ते सरळ चहाला निघून गेले. पुरावा आहे म्हणे. लगोलग निपाणीला फोन. "अगं, माझा वरवंटा कुठाय? भिंतीवर लिहिलेलं हाय माझ्याकडं!"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. सासूबाई नुसत्या हूं हूं करत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, वरवंट्याचं तिच्या काही ध्यानात नाही. पण चतुर्थीला सगळे येणार आहेत. जावईबापूंनी निरोप दिलाय, की रंगाच्या खर्चात पडू नका, त्या वेळचे विटांचे दोन रोल माळ्यावर तसेच आहेत, ते घेऊन येतो.