माझ्या वर्णनात्मक नोंदी

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या घरात जन्माला आलं की काही गोष्टी न मागता पदरात पडतात. अक्षर बरं येतं. शालेय पोषण आहार, मतदार यादी, माहिती पाठवण्याची शेवटची तारीख असले शब्द पाढ्यांच्या आधी पाठ होतात. आणि एप्रिल लागला की पलंग, टीव्हीचं टेबल, शिलाई मशीन, जिथं म्हणून सपाट जागा आहे तिथं प्रगतिपुस्तकं पसरतात. त्या दिवसांत आमच्याकडं पंखा लावायला बंदी असते. पाहुणा आला तर तो उभ्यानंच चहा पितो.

ज्यांच्या घरी अलीकडं कुणी मराठी शाळेत गेलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २०१० च्या सुमाराला राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन नावाचं प्रकरण आलं. गुणांच्या जागी श्रेणी आल्या. वर्षभर चालतं ते आकारिक, सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. पण यातला खरा ऐवज म्हणजे वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलापुढं तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक. त्यात शिक्षकानं पोराबद्दल लिहायचं, आणि वाईट काही लिहायचं नाही. वर्गात दंगा घालणारा 'स्वतःचे मत ठामपणे मांडतो'. शेवटच्या बाकावर झोपणारा 'शांत व संयमी आहे'. दुसऱ्याचा डबा खाणारा 'मित्रांमध्ये मिळून मिसळून राहतो'. या भाषेत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात धरणारा आमच्या तालुक्यात कुणी नाही. इतर शिक्षक मोबाईलवर फिरणाऱ्या तयार नोंदी उतरवून काढतात. अण्णांच्या स्वतःच्या आहेत, आणि त्या तयार नोंदींतही बऱ्याच अण्णांच्याच असाव्यात असा माझा संशय आहे.

तर २०२४ चा महाराष्ट्र दिन. झेंडावंदन झालं, निकाल वाटून झाले आणि अण्णा घामाघूम होऊन घरी आले. सात मेला आमच्याकडं लोकसभेचं मतदान होतं आणि अण्णांना केंद्राध्यक्षाची ड्यूटी लागली होती, त्यामुळं एका काखेत निवडणुकीची पुस्तिका आणि दुसऱ्या काखेत शाळेचं दप्तर. दप्तरातून त्यांनी एक कोरं प्रगतिपुस्तक काढलं आणि म्हणाले, "हे एक जादा छापून आलंय. बस इथं. तुझं भरू या."

मी बी.एस्सी. होऊन वर्ष होत आलं होतं. विषय रसायनशास्त्र. अण्णांचं म्हणणं असं, की आता सुट्टीत पाहुणे येणार आणि प्रत्येक जण विचारणार, 'सध्या काय करालायस?' कोल्हापूरकडं हा प्रश्न नमस्काराच्या जागी वापरतात. त्यावर आमच्या घरातून तीन वेगवेगळी उत्तरं बाहेर जात होती. आई सांगायची, परीक्षा देतोय. अण्णा सांगायचे, कारखान्याला आहे. आणि आजी दारातच सांगायची, "त्याला कोन ठेवून घ्याला तयार न्हाई." शासकीय कामात आयुष्य गेलेल्या माणसाला ही विसंगती सहन होत नव्हती. एका कार्यालयातून एकच आकडा वर गेला पाहिजे.

आधी पेन्सिलनं भरायचं ठरलं. अण्णा त्याला अभिरूप मतदान, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची तालीम, म्हणाले. आईला समोर बसवलं, उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून. ती ज्वारी निवडत बसली.

पहिलंच अडलं ते इयत्तेपाशी. आमच्या गावात बी.एस्सी. झालेल्याला पंधरावी झाली म्हणतात. मग गेलं वर्ष कितवीचं? अण्णांनी थोडा विचार करून 'सोळावी (घरी)' असं लिहिलं. मग उंची आणि वजन. शाळेत ही नोंद वर्षातून दोनदा होते. उंची होती तेवढीच. वजनाच्या रकान्यात मात्र अशी भरघोस वाढ निघाली की अण्णांनी चष्मा पुसून काटा पुन्हा बघितला. मोजून दाखवता येईल अशी वर्षातली ती पहिली प्रगती. आई म्हणाली, "माझ्या हातचं हाय ते. त्याचं त्यात काय न्हाई."

मग महिनावार उपस्थिती. जून ते सप्टेंबर मी कुठं हजर होतो, असं विचारल्यावर मी म्हणालो, तलाठी भरतीत. २०२३ ची ती भरती म्हणजे आमच्या पिढीची जत्रा होती. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. फॉर्मला हजार रुपये. गावात तलाठ्याचा मान काय असतो हे सातबाऱ्यावर नाव लावायला गेलेल्यालाच ठाऊक, त्यामुळं हजार रुपये देताना आजीनं सुद्धा कनवटीला हात घातला होता. परीक्षा कितीतरी दिवस, दिवसाला तीन सत्रांत चालली. कुणाचा पेपर सोपा, कुणाचा अवघड, म्हणून नंतर सगळ्यांच्या गुणांचं सामान्यीकरण झालं. जानेवारीत गुण लागले तेव्हा एका उमेदवाराला दोनशेपैकी दोनशे चौदाच्या वर मिळाल्याची बातमी आली. अण्णा पेपर हातात धरून बराच वेळ गप्प बसले होते. तीस वर्षांत त्यांनी चित्रकलेला सुद्धा कुणाला पैकीच्या पैकी दिलेले नाहीत. "आमच्या वेळी," ते शेवटी म्हणाले, "पैकी हा शब्द होता." माझेही गुण सामान्यीकरणात वाढले होते. वाईट एवढंच, की ज्यांना आधीच जास्त होते त्यांचेही वाढले.

"लिहा," मी म्हणालो, "स्पर्धेत सहभाग घेतो."

"उत्साहाने," अण्णांनी भर घातली.

नोव्हेंबरात मला जवळच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम लागलं. रसायनशास्त्राच्या पोरांना आमच्या भागात हा एक हक्काचा दरवाजा आहे. हंगाम एक नोव्हेंबरपासून, पण ऊसदराचं आंदोलन पेटलेलं. शेतात तोडी बंद, रस्त्यावर एक गाडी नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ऊस नसताना केमिस्टनं काय करायचं असतं? काचा धुवायच्या असतात. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, मी बीकर धुतोय. पिपेट धुतोय. धुतलेला सिलिंडर चीफ केमिस्टसाहेब उजेडात धरून बघायचे आणि परत द्यायचे. २३ नोव्हेंबरला शिरोलीजवळ हायवे अडवला, रात्री तोडगा निघाला आणि मग एकदाच्या ट्रॉल्या आल्या. अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एका ओळीत बसवलं: 'परिसर स्वच्छतेबाबत जागरूक आहे.'

पुढचं काम मात्र खरं होतं, आणि ते मला आवडलं हे मी कुणाला फारसं सांगत नाही. दर तासाला मिलवर जायचं, रस आणायचा, उंच सिलिंडरमध्ये ओतायचा. वर फेस येतो. तो उतरेपर्यंत थांबायचं. घाई करून हायड्रोमीटर सोडला तर ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, चुकतं. मग तापमान बघून दुरुस्ती, मग पोल, म्हणजे रसातल्या साखरेचं मोजमाप, मग रजिस्टर. रात्री आठ ते पहाटे चारच्या पाळीत, सगळी दुनिया झोपलेली असताना, रसावरचा फेस उतरायची वाट बघण्यासाठी आपल्याला पगार मिळतो ही भावना काही वाईट नव्हती. पगार किती ते आई पाहुण्यांना सांगत नाही, म्हणून मीही इथं सांगत नाही.

"निरीक्षणशक्ती चांगली आहे," अण्णा पुटपुटले. ही नोंद त्यांनी पेन्सिलनं लिहिली आणि लगेच पेनानं गिरवली.

मार्चमध्ये पट्टा पडला. म्हणजे गाळप संपलं, भोंगा बंद, आम्ही घरी. साखरपट्ट्याच्या बाहेरच्या माणसाला सांगतो, हंगामी कामगाराला कुणी काढून टाकत नाही. ऊसच संपतो. त्यामुळं 'काय करालायस?' याला एप्रिलभर माझ्याकडं रुबाबदार उत्तर होतं, "पट्टा पडलाय." जुन्या माणसांना ते एवढं पटायचं की ते मलाच तंबाखू पुढं करायचे.

आवडीचा रकाना लवकर भरला. आई म्हणाली, मोबाईल. अण्णांनी लिहिलं, 'तंत्रज्ञानाची आवड आहे.' ते खोटं नव्हतं. जानेवारीत घरोघरी जाऊन मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण करायचं होतं तेव्हा ते दीडशेहून जास्त प्रश्नांचं ॲप त्यांना मीच शिकवलं होतं. दोन दिवस मी गुरुजी होतो आणि ते शेवटच्या बाकावर. त्यांची नोंद मी तेव्हाच मनात करून ठेवली आहे: शांत व संयमी नाही.

माझा एक वर्गमित्र पुण्यात कंपनीत आहे. तो दर डिसेंबरात इंग्रजीत लांबलचक लिहितो. या वर्षानं मला काय काय शिकवलं, मी किती कृतज्ञ आहे, पुढच्या वर्षी कसा झेपावणार आहे वगैरे. पूर्वी मला वाटायचं, हा कुठल्या कुठं गेला. त्या दिवशी अण्णांच्या शेजारी बसल्यावर लक्षात आलं, की त्याच्या त्या लिखाणाचं मराठी 'प्रगती समाधानकारक' एवढंच होतं. त्याला चौथीत अण्णाच वर्गशिक्षक होते, हे सांगायचं राहिलं.

खरी लढाई झाली ती तिसऱ्या रकान्यावर. सुधारणा आवश्यक. आई ज्वारीचं सूप खाली ठेवून सरसावून बसली. "लिवा. सांगिटलेलं ऐकत न्हाई. धाला उठतंय. टावेल वाळत घालत न्हाई." अण्णांनी नियम सांगितला, की नकारात्मक लिहिता येत नाही. पाच मिनिटं डोकं खाजवून त्यांनी लिहिलं, 'सूचना ऐकून घेतो.' आई म्हणाली, ह्यात सुधारणा कुठाय? अण्णा म्हणाले, पालकांनी मूल्यमापनात हस्तक्षेप करू नये.

मग ते माझ्याकडं वळले. पुढच्या वर्षाची उद्दिष्टं सांग. मी तयारीत होतो. म्हणालो, चांगली नोकरी, व्यक्तिमत्त्व विकास, सकारात्मक दृष्टिकोन. लाल पेन उघडल्याचा टक आवाज आला.

"ही उद्दिष्टं नव्हेत. ही ध्येयं झाली. ध्येय पुढाऱ्याला असतं, विद्यार्थ्याला उद्दिष्ट असतं. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, यातलं काय? आणि साध्य झालं हे मला दिसणार कशावरून?"

पाठाचं टाचण काढल्याशिवाय तीस वर्षं वर्गात पाऊल न टाकलेला माणूस. व्यक्तिमत्त्व विकास त्यांनी सरळ खोडला. सकारात्मक दृष्टिकोनापुढं लिहिलं, 'टॉवेल वाळत घालणे', कारण ते दोरीवर दिसतं. इंग्रजीपुढं 'रोज एक पान मोठ्यानं वाचणे, आजीस ऐकू गेले पाहिजे.' एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवसाच्या आधी भरणे. आणि नोकरीपाशी येऊन ते थांबले.

"पुढच्या हंगामात बोलावतील?"

बोलावतील, मी म्हणालो, आणि मग माझ्या मनातलं खरं उद्दिष्ट बाहेर पडलं. साखर कारखान्यात एक पद असतं, सिझनल परमनंट. हंगामी कायम. माणूस हंगामापुरताच कामाला, पण कायमचा हंगामापुरता. आणि पट्टा पडल्यावर घरी बसून राहिल्याबद्दल त्याला पगाराचा काही हिस्सा भत्ता म्हणून मिळतो. अण्णांनी हे दोनदा विचारून घेतलं. घरी बसायचा? भत्ता? आजी आतून म्हणाली, "मग ह्यो इतके दिवस फुकट बसला व्हय?"

उपयोजन, असं म्हणत अण्णांनी ते पेनानंच लिहून टाकलं.

निकालाची ओळ राहिली. आठवीपर्यंत नापास करायचं नाही असा नियम होता हे सगळ्यांना माहीत आहे. २०२३ मध्ये तो बदलला आणि पाचवी-आठवीला मागं ठेवायची सोय पुन्हा झाली. सोळावीबद्दल मात्र कुठलाच शासन निर्णय नाही, म्हणून अण्णांनी मला वर्गोन्नत केलं. वर्गशिक्षक म्हणून त्यांनी सही केली. मुख्याध्यापक म्हणून आईनं. पालकाची सही उरली तेव्हा अण्णा म्हणाले, एकाच माणसानं दोन ठिकाणी सही केली तर ऑडिटला अडकतं. आजीनं अंगठा दिला.

दोन दिवसांनी मामा-मामी आले. मामानं चपला काढता काढताच विचारलं, "काय रं, सध्या काय करालायस?" आईनं न बोलता प्रगतिपुस्तक त्याच्या हातात ठेवलं. मामानं ते दारात उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मामीनं त्याच्या खांद्यावरून वाचलं. मग दोघं एकमेकांकडं बघू लागले. त्यांचा पोरगा मेकॅनिकलचा इंजिनियर आहे आणि त्याचीही सतरावी घरीच चालू आहे.

"दाजी," मामा म्हणाला, "आमच्या पोराचं पन एक भरून द्या की."

अण्णांना दुसऱ्या दिवशी निवडणुकीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. त्यांनी पेन माझ्याकडं सरकवलं. कोरं प्रगतिपुस्तक उरलं नव्हतं, म्हणून माझ्याच पुस्तकातला मजकूर झाकून झेरॉक्स काढून आणली आणि मी मांडी घालून बसलो. मामेभाऊ त्या वेळी माळ्यावर झोपला होता. मी लिहिलं, 'शांत व संयमी आहे.'

मामी लगेच वाकली. "तसलं मिळमिळीत नको बाळा. दिवाळीनंतर स्थळं बघायचीत. जरा जोरात लिव."