विटा-वाळूचा शीतकक्ष आम्हीही बांधलाय

विटा, वाळू आणि पाण्यावर चालणाऱ्या, भाजी-फळं ताजी ठेवणाऱ्या बिनविजेच्या शीतकक्षावरचा तुमचा लेख वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही जळगाव जिल्ह्यात यावलकडे दोन उन्हाळे हेच करतोय. पहिला कक्ष फसला. दोन भिंतींमधल्या 7.5 सेंटीमीटर फटीत वाळू न धुता भरली, गाळ बसला, पाणी खाली झिरपेचना. दुसऱ्या वेळी वाळू धुऊन, चाळून घेतली, वर तुराट्यांचं झाकण केलं. भरताची वांगी बाहेर दुसऱ्याच दिवशी सुरकुततात, आत पाचव्या दिवशीही देठ हिरवागार! आपली मे महिन्यातली कोरडी झळ इथे कामाला येते, ओल्या वाळूतलं पाणी भराभर उडतं आणि आत गारवा धरतो. पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, फारसा फरक पडत नाही. हे लेखात यायलाच हवं होतं. केळी तर 13 अंशांखाली काळवंडतात, त्यांना फ्रिजपेक्षा हाच कक्ष मानवतो. रोज किती पाणी लागतं तेही लिहा, उन्हाळ्यात आमच्याकडे खरा प्रश्न तोच.