तिला विचारलंत का?

आज दुपारी तीनच्या सुमारास चुलतबहिणीचा फोन आला. बाथरूममधून. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून बोलत होती. "ताई, माझे दिवस वर गेले यात माझं काय चुकलं गं?"

गरोदरपणाचे चाळीस आठवडे पाच दिवस झालेत तिला, तारीख उलटून गेलीय. डॉक्टर मॅडम कळा सुरू करून द्यायला परवा अ‍ॅडमिट व्हा म्हणाल्यात. तर व्हावं की नाही, यावर सकाळपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर खल चाललाय. मामा म्हणतात, बिल वाढवायचे धंदे आहेत. एक काकू म्हणतात, एरंडेल पाजा, रात्रीत मोकळी होईल. कुणी तिथी बघतंय. आणि ती त्याच ग्रुपमध्ये आहे! सगळं वाचतेय. एकाही माणसाने तिचं नाव घेऊन विचारलेलं नाही, की बाळा, तुझ्या मनात काय आहे?

हे वाचून मला माझं २०१६ आठवलं. सांगली, जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. सासूबाईंनी कालनिर्णयवर ११ तारखेला लाल पेनने गोल केला होता. ११ गेली, १२ गेली, मग रोज कुणीतरी त्या गोलाकडे बघायचं आणि मग माझ्या पोटाकडे. १८ तारखेला दवाखान्यात गेलो. संध्याकाळी डॉक्टर राऊंडला आले, खोलीच्या दारात उभे राहिले आणि माझ्या नवऱ्याला आणि सासऱ्यांना म्हणाले, "कळा नाहीत, सिझर करून टाकू." मी चार हातांवर कॉटवर बसलेली. सही नवऱ्याने केली. मला फक्त गाऊन बदलायला सांगितला.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना सिस्टरने सहज विचारलं, "जेल लावून बघितलं नव्हतं का तुम्हाला?"

जेल! हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा ऐकला. टाके पडल्यावर.

म्हणून आता लिहितेच. बाळंतपणाची तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले २८० दिवस. पाळी उशिरा येणाऱ्या बाईचा हा हिशोब चुकू शकतो, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी जपून ठेवायची असते. नेमकी त्या तारखेलाच येणारी बाळं शंभरात चार-पाच. म्हणजे तारीख उलटणं हा काही गुन्हा नाही, आणि लगेच घाबरून पळायचं कारणही नाही.

पण नुसतं हातावर हात ठेवून बसायचंही नाही. वाट बघायची असेल तर बाळाच्या ठोक्यांची तपासणी, एनएसटी म्हणतात ती, करत राहायची, सोनोग्राफीत बाळाभोवती पाणी किती आहे ते बघायचं, बाळाची हालचाल मोजायची, आणि ती कमी वाटली तर रात्री दोन वाजता असली तरी उठून दवाखाना गाठायचा. ४१ आठवडे पूर्ण झाले आणि तारखेची खात्री असेल तर कळा सुरू करून द्याव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. परवा तिचे बरोबर ४१ होतात. मॅडम काही वावगं सांगत नाहीयेत, मामा!

आणि कळा सुरू करणं म्हणजे सिझर नव्हे. आतून तपासताना बोट फिरवून बाळाभोवतीच्या पाणमोटीचा पडदा गर्भपिशवीच्या तोंडापासून सुटा करतात, कधी तेवढ्यानेही गाडी पुढे सरकते. पिशवीचं तोंड कच्चं, म्हणजे अजून घट्ट बंद असेल तर जेल लावतात, गोळी देतात, किंवा नळीचा छोटा फुगा आत ठेवून तोंड उघडायला मदत करतात. मग पाणमोट फोडणं, कळांचं सलाईन. एक दिवस लागतो, कधी दोन लागतात. दुखतं, खूप दुखतं. आधी सिझर झालेलं असेल तर हिशोब वेगळा, तिथे जुन्या टाक्याला धोका म्हणून यातल्या काही गोष्टी करत नाहीत. आणि एवढं करूनही सिझर लागू शकतं. लागलं तर लागलं.

मामांचा संशय अगदीच हवेतला नाही, हेही लिहिते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खाजगी दवाखान्यांतली ४७ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझरची निघाली. मान्य. पण म्हणून बाईने घरी बसून एरंडेल प्यायचं? जुलाब लागतील, अंगातलं पाणी जाईल, आणि मग सगळे मिळून तिलाच दवाखान्यात न्याल.

"पूर्वीच्या बायका थांबायच्याच की" असंही कुणीतरी लिहिलंय. हो, थांबायच्या. माझ्या आजीचं तिसरं बाळ दिवस वर जाऊन पोटातच गेलं. आजी शेवटपर्यंत त्याचं वय मोजायची. "आज तो पंचावन्नचा असता." हे मला ग्रुपवर नाही लिहिता आलं.

माझ्या बाबतीत जेल लावूनही काही झालं नसतं कदाचित. पाणी कमी झालं असेल, ठोके बिघडले असतील, डॉक्टरांना काही दिसलंही असेल. लेक सुखरूप आहे, आत्ता शेजारी बसून चित्र काढतेय. त्या सिझरबद्दल माझी तक्रार नाहीच. त्या दारापासून माझ्या कॉटपर्यंत चार पावलं होती. ती चार पावलं आत येऊन माझ्याशी कुणी बोललं नाही. नऊ वर्षं झाली, ते दार अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मघाशी तिचा परत फोन आला. या वेळी बेडरूममधून, नळ न सोडता. वहीत प्रश्न लिहून काढलेत, ते वाचून दाखवले. माझ्या पिशवीचं तोंड किती उघडलंय? पाणी किती आहे? जेल आधी लावणार की फुगा? किती वेळ वाट बघणार? सिझर करायचं ठरलं तर कशासाठी, ते मला सांगाल का?

नवऱ्याला म्हणाली, "तू सोबत चल. पण बोलणार मी."

मामा, काकू, तुम्ही ही पोस्ट वाचाल हे मला माहीत आहे. रात्री तिला फोन करा. ग्रुपवर नको, तिला.